उरलेल्या टोप्यांची डबी

ओमा प्रॉप्स्ट ही लॉरेल लिकच्या दरीत राहणारी बाई. दरीतल्या कोणाचीही ती सख्खी मावशी नाही, तरी लहानथोर सर्व तिला मावशीच म्हणतात, आणि जो म्हणत नाही तो बहुधा कर वसूल करायला आलेला असतो. तिच्याविषयी लिहावे असे माझ्या मनात बरेच दिवस होते. माझे नाव डेंझिल टीटर. मी तिचा शेजारी आहे आणि तिच्या टेबलावर काडतुसे भरणाऱ्यांपैकी एक आहे. मला जे प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढेच मी येथे लिहीन.

आमच्या दरीत काडतुसे विकत आणणाऱ्या माणसाकडे लोक जरा कीव केल्यासारखे पाहतात. लग्नाचे जेवण खानावळीतून आणणाऱ्याकडे पाहावे, तसे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उरते. ती स्वच्छ करावी, बुडातली जुनी टोपी काढून नवी बसवावी, दारू मोजून ओतावी आणि वर गोळी दाबावी, ही आमची रीत. टोपी म्हणजे मसुराएवढी धातूची वाटी. बंदुकीचा घोडा पडला की तिच्यात ठिणगी होते आणि ती ठिणगी दारूला पेटवते. नव्या माणसाला भीती वाटते ती दारूची. वास्तविक उघड्यावरची दारू नुसती भुरकन जळून जाते. टोपी मात्र फुटते, आणि मोकळ्या टोप्या एका डब्यात एकत्र असतील तर एकीमागून सर्व फुटतात. म्हणून टोप्या ज्या डबीतून येतात त्या डबीत प्रत्येकीला वेगळा खण असतो.

ओमामावशीचा नवरा होबार्ट याने घरामागच्या शेडमध्ये हे टेबल मांडले होते. त्यावर टोपी नि गोळी दाबून बसवण्याचा लोखंडी प्रेस, तराजू आणि खिडकीकडे तोंड केलेला दिवा होता. होबार्ट वारला तेव्हा दफनानंतरच्या जेवणातच दोघांनी प्रेसची किंमत विचारली. मावशी म्हणाली, "विकायचा नाही. शनिवारी या." तेव्हापासून ऑक्टोबर उजाडला की दर शनिवारी ती त्या टेबलाच्या टोकाला स्टुलावर बसते. ती पैसे घेत नाही. कोणी सफरचंदाचा मुरांबा आणतो, कोणी हरणाचा खांदा.

तिची खरी कसोटी काम संपताना असे. काडतुसे भरून झाली की माणसाचा हात सैल होतो, लक्ष चुलीवरच्या घेवड्याकडे आणि मक्याच्या पावाकडे जाते, आणि ताटलीत थोड्या टोप्या उरलेल्या असतात. नेमक्या त्या वेळी मावशी विचारी, "ताटली?" ती तिच्यासमोर ठेवावी लागे. काम चालू असताना टेबलावर टोप्यांची एकच डबी असायची आणि ती ताटलीला टेकवून ठेवायची, म्हणजे उरलेल्या टोप्या कोणत्या घरच्या याविषयी शंका राहात नसे. त्या तिच्यादेखत त्याच डबीत, खणाखणात परत जात. खाली पडून कोपऱ्यात सापडलेल्या टोपीला ती अनाथ म्हणे. अनाथ टोपी कोणत्याच डबीत जात नसे. ती रिकाम्या पुंगळीत बसवून, शेडमागच्या वाळूच्या पिंपात झाडायची, आणि ती ज्याच्या हातून पडली त्यानेच झाडायची. बाकीचे दारात उभे राहून त्याची थट्टा करीत. "शिकार झाली का?" "शिंगं किती होती?" अशी.

ज्याच्या उरलेल्या टोप्या आपल्या डबीत परत गेल्या नाहीत, त्याचा हात त्या हंगामात टेबलाला लागणार नाही, हा होबार्टचा नियम मावशीने जसाच्या तसा चालवला. आरागिरणीवर काम करणारा कर्टिस आर्बोगास्ट याने एका वर्षी उरलेल्या टोप्या पेपरमिंटच्या चपट्या डबीत टाकून खिशात ठेवल्या होत्या. "उद्या आणून लावतो," म्हणाला. मावशीने डबी बाहेर काढायला लावली आणि त्याला पुढच्या वर्षी यायला सांगितले. कर्टिस सहा फुटांचा, आणि त्या दिवशी तो दारातून वाकून बाहेर गेला तसा मी त्याला पूर्वी कधी पाहिला नव्हता.

मी सांगतो आहे ती हकीकत टोप्यांच्या दुष्काळातल्या वर्षाची आहे. दुकानांतली फडताळे रिकामी होती. लाकडाचा ट्रक चालवणारा डॉयल नेस्टर दोन राज्ये पालथी घालून रिकाम्या हाताने आला होता. हरणांचा हंगाम सोमवारी उघडणार होता आणि आम्ही आदल्या शनिवारी जमलो होतो. मी, कर्टिस, डॉयल आणि त्याची बायको लीटा, जी आम्हा तिघांहून चांगली नेमबाज आहे. मावशीने हंगामासाठी रायफलच्या टोप्यांची एक डबी राखून ठेवली होती. तीच एक.

कर्टिसने डबी थोडी उघडून कडेच्या टोप्या ताटलीत घेतल्या आणि एकेक पुंगळीत बसवू लागला. बसवल्यावर तो बुडावरून अंगठा फिरवतो. दोनचार झाल्यावर त्याचा अंगठा एका जागी थांबला आणि तो म्हणाला, "मावशी, ही खोल गेलीये."

"जोर लावला असशील."

"नेहमीएवढाच लावला. ही घ्या, तुम्हीच बघा."

मावशीने पुंगळी घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. दुसरी मागितली. ती ठीक होती. तिसरी पुन्हा खोल. तिने पुंगळ्या फडक्यावर ठेवल्या.

"सगळ्यांनी हात वर घ्या," ती म्हणाली. "टेबलाला कुणी शिवू नका. या रिव्हॉल्व्हरच्या टोप्या आहेत."

रिव्हॉल्व्हरची टोपी रायफलच्या टोपीएवढीच रुंद असते, फक्त उंचीला किंचित कमी आणि पत्र्याला पातळ. डोळ्यांना ती तशीच दिसते. रायफलच्या जोरापुढे तिचा पत्रा टिकेल याचा भरवसा नसतो, आणि नाही टिकला तर आग मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येते.

"कॅलिपर लावून मोजू या की," डॉयल म्हणाला. "बुटक्या एकीकडे, उंच एकीकडे."

"जिवंत टोपी पोलादाच्या चिमट्यात धरणार? तुझ्या घरी धर. लीटाला विचारून धर."

"मला नका विचारू," लीटा म्हणाली. "भिंतीला नुकताच रंग दिलाय."

मावशीने डबी खिडकीत नेली, पूर्ण उघडली आणि नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिली. मग ती आम्हाला दाखवली. कारखान्यातून येताना टोप्यांची उघडी, मंद बाजू वर असते. या डबीत तशाच होत्या. मात्र ज्या कडेने कर्टिसने टोप्या घेतल्या होत्या, तिथे उरलेल्या ओळीत चकचकीत पाठी वर होत्या, टोपलीत अंडी मांडावीत तशा.

"कुणीतरी हाताने परत ठेवल्यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कोडे सुटत नसले की तिची मान एका बाजूला झुकते, तशी ती झुकली होती. "पण उलट्या का ठेवल्या असतील?"

"चकचकीत तेवढ्या काढून टाका," मी म्हणालो. "बाकीच्या वापरू."

"आणि बाकीच्यांत त्याने काही सुलट्या ठेवल्या असतील तर? मूठभर ओतल्या तर अर्ध्या अशा पडतात, अर्ध्या तशा. डेंझिल, हात कुणाचा ते कळलं तर डबी वाचेल. नाही कळलं तर सगळी डबी अनाथ. पिंपात."

डबी पिंपात गेली असती तर सोमवारी आम्ही चौघे घरी बसलो असतो.

"माझ्या फ्रीझरमध्ये आता फक्त बर्फ आहे," लीटा म्हणाली. "हिवाळाभर यांना घेवडा घालायचा म्हणजे घरात राहणं अवघड होईल."

"कुणाचा हात ते तर उघड आहे," डॉयल माझ्याकडे पाहून हसला. "डेंझिलकाका, अक्षरं आत्ताआत्ता यायला लागली तुम्हाला. रायफल कुठलं नि रिव्हॉल्व्हर कुठलं, दोन्ही 'र'च की."

मला राग आला, हे मी कबूल करतो. "प्रौढांच्या वर्गात मला रायफलच आधी शिकवली," मी म्हणालो. "तुझं नाव अजून आलेलं नाही."

"भांडू नका," मावशी म्हणाली. "अंदाज नको, बघू या. आणि आधीच सांगते, ज्याचा हात निघेल तो हंगाम संपेपर्यंत टेबलाबाहेर. गेल्या खेपेला होता तोच नियम."

कर्टिस छताकडे पाहू लागला.

मावशी घरातून शिवणाचा डबा घेऊन आली. त्यात कोटाची पितळी बटणे होती, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने मंद. तिने प्रेसपासून दूर, खिडकीखालच्या फळीवर बटणे ओतली आणि शेजारी टोप्यांची एक रिकामी डबी ठेवली. "काम संपलंय असं समजा. भूक लागलीये. उरलेल्या टोप्या परत ठेवा. विचार करू नका, रोज ठेवता तशा ठेवा."

मला ही कल्पना फार आवडली. माणूस परत ठेवताना कसा ठेवतो, हे मी एवढी वर्षे त्या टेबलाजवळ उभा राहूनही कधी पाहिले नव्हते.

डॉयलने बटणे फळीच्या कडेपर्यंत ढकलली, डबी खाली धरली आणि हलवली. काही खणात पडली, काही जमिनीवर.

"तू माझ्यादेखत असं करत नाहीस," मावशी म्हणाली.

"तुमच्यादेखत नाही करत. रोज म्हणालात म्हणून."

"नंतर बोलू."

लीटाने दोन्ही हातांनी, तांदूळ निवडावेत तशी, पटापट ठेवली. जी बाजू आली ती. कर्टिसने मधून सुरुवात केली आणि बाहेर सरकत गेला. का, ते त्यालाही सांगता आले नाही. मी एकेक बटण उचलून ठेवले, आणि माझी ओळ अर्धी चकचकीत, अर्धी मंद निघाली. मावशीने प्रत्येकाची डबी नाकाजवळ नेऊन पाहिली. सगळ्या बटणांची चकचकीत पाठ वर ठेवणारा आमच्यात कोणीच नव्हता.

"मग भूत आलं होतं," डॉयल म्हणाला. "होबार्टकाका. तेच आम्हाला नेहमी सांगायचे, तोंड खाली ठेवा, आत केस जाईल, धूळ जाईल. आम्ही कधी ऐकलं नाही." तो हसला. "मावशी, आता तुमची पाळी. उगाच कुणी म्हणायला नको."

"माझी कशाला?" असे म्हणत ती हसतच बसली. मी तिच्या उजव्या बाजूला उभा होतो. डॉयल खाली पडलेली बटणे वेचत होता, लीटा त्याला कुठे कुठे पडली ते दाखवत होती, कर्टिस शेगडीत लाकूड सारत होता. मावशीने पहिले बटण उचलले. खणाशी आल्यावर तिच्या अंगठ्याने ते आपोआप पालथे केले आणि मग सोडले. पाठ वर.

तिने आपल्या हाताकडे पाहिले. दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे, तसे पाहिले.

ते पाहणारा मी एकटाच होतो. पुढचे बटण तिला सुलटे ठेवता आले असते. हसून उठता आले असते. त्याची किंमत म्हणजे एक डबी पिंपात आणि आमच्या चार घरांत हिवाळाभर घेवडा, आणि टेबल तिच्याकडे राहिले असते. तिने दुसरे बटण उचलले, पालथे केले आणि ठेवले. तिसरे. चौथे. ओळ पूर्ण होईपर्यंत ती थांबली नाही. मग ती डबी तिने सर्वांसमोर फळीच्या मध्यभागी सरकवली.

"डबी वाचली," ती म्हणाली. "चकचकीत तेवढ्या काढा. मी ठेवते त्या सगळ्या पालथ्याच ठेवते, म्हणजे बाकीच्या कारखान्याच्या."

डॉयल गुडघ्यांवरच राहिला. त्याच्या मुठीत बटणे होती. "मावशी, मी थट्टेत म्हटलं होतं."

"ठाऊक आहे. बरं झालं म्हणालास."

तिने मग आठवून आठवून सांगितले. बुधवारी ती एकटीच शेडमध्ये होती. कोंबड्यांवर रॅकून येऊ लागले होते म्हणून रिव्हॉल्व्हरची थोडी काडतुसे भरली. शनिवारी आम्ही येणार म्हणून रायफलची डबी पुरेल की नाही तेही पाहायला काढली; तिच्या कडेचे काही खण आधीच रिकामे होते. दोन्ही डब्या टेबलावर. काम संपले आणि उरलेल्या टोप्या तिने परत ठेवल्या. आम्ही सर्व तिला ताटली दाखवीत होतो. तिची ताटली पाहणारे त्या शेडमध्ये कोणी नव्हते, आणि कोणी असावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते.

लीटाने दोन्ही डब्या उजेडात धरल्या. त्या एकाच कारखान्याच्या, सारख्याच आकाराच्या. फक्त कडेचा पट्टा एकीला हिरवा आणि दुसरीला निळा. "मावशी, यातली निळी कुठली?"

मावशीने एक पाहिली, दुसरी पाहिली आणि मान झुकवली. "दोन्ही मला मळक्याच दिसतात," ती म्हणाली. "मला वाटलं, हल्ली छापतातच असं."

डॉयल उठला. "हे बघा, नियम तुमचा आहे. तुम्हीच बदला. डोळ्यांचं काही नियमात नव्हतं."

"कर्टिससाठी बदलला होता का?"

सर्वांनी कर्टिसकडे पाहिले. तो शेगडीजवळून उठला आणि हात पँटला पुसले. "नव्हता," तो म्हणाला. "मी त्या हिवाळ्यात लीटाच्या दारात वाडगा घेऊन उभा राहायचो. ही मला हाडंच द्यायची."

"हाडांना मांस होतं," लीटा म्हणाली.

"मांसाचा वास होता फक्त."

मावशी हसली, आणि हसता हसताच स्टुलावरून उठली. "बस इथे," ती कर्टिसला म्हणाली.

"मी? या डॉयलला बसवा, त्याला बोलायची हौस आहे."

"त्याला बोलता येतं. तुझ्या अंगठ्याला कळलं. बस."

तो स्टूल कर्टिससाठी फार लहान होता. तो अर्धाच त्यावर बसला. चकचकीत टोप्या बाजूला काढल्या. ताटलीत उरलेल्या आणि आधी बसवलेल्याही, खोल कोणत्या नि ठीक कोणत्या हे न पाहता, त्यांतच धरल्या, आणि मोकळ्या होत्या त्या कर्टिसने रिकाम्या पुंगळ्यांत बसवल्या. त्या सर्व मावशीने पुंगळ्यांसह फडक्यात बांधून पिंपाकडे नेल्या आणि स्वतःच झाडल्या. आम्ही दारात उभे होतो. मग तिनेच मागे वळून विचारले, "काय रे, आज शिंगं किती, कुणी विचारणार नाही?"

"इतक्या लहान हरणाला शिंगं नसतात, मावशी," डॉयल म्हणाला, आणि मग सर्वांना हसू फुटले.

आम्ही काम सुरू केले. टोप्या पुरेशा होत्या. मावशी घरात गेली, घेवड्याखालचा जाळ कमी करून परत आली आणि उंबरठ्याबाहेर उभी राहिली. ती आत येईना. प्रेसचा दांडा खाली गेला की तिची मान हलत असे.

"बंदी हातावर आहे," कर्टिस न वळता म्हणाला. "कानावर नाही. आत या, गारठाल."

ती आत येऊन पालथ्या बादलीवर बसली, हात ॲप्रनच्या खिशात घालून. मग तिचे प्रश्न सुरू झाले. "लीटा, तू दोन्ही हात का वापरतेस?" "कर्टिस, तू मधून का सुरू करतोस? लहानपणी जेवताना ताटातही मधूनच सुरू करायचास का?" कर्टिसने विचार करून सांगितले की आई ओरडायची ते बहुधा त्याचसाठी. एवढी वर्षे ती त्या शेडमध्ये चुका शोधत बसली होती. माणसे काम कशी करतात हे पाहायला तिला त्या दिवशी प्रथमच फुरसत मिळाली होती, असे मला वाटते. ती फुरसत तिला हवी होती की नाही, हे मी सांगू शकत नाही. दांड्याचा आवाज आला की खिशातला तिचा हात हलत होता, एवढे मी पाहिले.

काम संपल्यावर आम्ही एकेक करून ताटल्या कर्टिससमोर ठेवल्या. त्याने त्या इतक्या सावकाश पाहिल्या की डॉयलने घड्याळ पाहिले.

जेवताना लीटाने विषय काढला. "डोळे दाखवायला हवेत, मावशी. मोतीबिंदू असेल. माझ्या आईचा काढला, आता तिला माझ्या घरातली जळमटंसुद्धा दिसतात."

"आणि काढून नाही दिसलं तर?"

तेच तर अडलेले होते. हंगाम संपल्यावर बंदी संपणार होती, पण मळकट दिसणारे दोन पट्टे तसेच राहिले तर ती त्या स्टुलावर पुन्हा स्वतःच बसणार नाही, हे आम्हा सर्वांना कळत होते.

"दिसलं नाही तर नाही," कर्टिस शेवटी म्हणाला. "पण आधी कळायला तर हवं. अंदाज नको, बघू या. मी गाडी काढतो."

मावशीने त्याच्याकडे पाहिले. पाव घेवड्यात बुडवला. "कधी?"

"मंगळवारी."

"सोमवारी का नाही?"

टेबलाभोवती चमचे थांबले. आमच्या दरीत हंगामाच्या पहिल्या सोमवारी शाळा बंद असते, गिरणी बंद असते, आणि त्या दिवशी कोणी आजारीही पडत नाही. कर्टिसचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याने टोपी डोक्यावरून काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "बरं. सोमवारी."

"मंगळवारीच ने," मावशी म्हणाली. "मला बघायचं होतं तू काय म्हणतोस."